आड, पोहरा आणि दोर : पंचतारांकित वसाहतीशेजारच्या गावांचा पाणीप्रश्न

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र विभाग)

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण माझ्या गावापुरती ही म्हण खोटी ठरली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. आमच्या आडात पाणी आहे. गावाच्या एका अंगाला दूधगंगा वाहते, तिच्यावर बंधारे आहेत आणि वरच्या बाजूला काळम्मावाडीचे मोठे धरण आहे. दुसऱ्या अंगाला कागल–हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. तेथे रात्री दिव्यांचा लखलखाट असतो आणि कारखान्यांना पाणी मिळते. मधल्या माळावर आमचे गाव. त्या गावात माझी आई तिसऱ्या दिवशी येणाऱ्या पाण्यासाठी कित्येक वर्षे पहाटे चारला उठून घागरी मांडत आली. आडात आहे, पण पोहऱ्यात नाही, असा हा उलटा न्याय आहे.

‘स्थानिक स्वराज्य संस्था व ग्रामीण पाणीपुरवठा’ हा विषय आमच्या सरांनी मला प्रकल्पासाठी दिला, तेव्हा उत्तर आकड्यांत सापडेल अशी माझी समजूत होती. टाकी केवढी, नळ किती इंची, अनुदान किती, एवढे जमवले की झाले! मी वही घेऊन पहिला प्रश्न घरातच विचारला. “आई, टाकी बांधून किती वर्षे झाली?” आई भाकरी थापीत होती. मान वर न करता ती म्हणाली, “धा वर्सं झाली की गं. पर टाकी काय पाणी देती व्हय? माणसं देत्यात.”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले. पुढील तीन महिन्यांच्या अभ्यासात मला याहून शहाणे वाक्य कोणी ऐकवले नाही. आड आणि पोहरा यांच्यामध्ये दोर असतो. पाणीपुरवठ्याच्या योजनेतील हा दोर म्हणजे माणसामाणसांतील आणि संस्थासंस्थांतील नाते. या दोराचे पीळ कोणते, ते कसे उसवतात आणि पुन्हा कसे वळता येतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हितसंबंधी म्हणजे कोण?

व्यवस्थापनशास्त्रात ‘स्टेकहोल्डर’ हा शब्द आता रूढ आहे. एडवर्ड फ्रीमन या अमेरिकन अभ्यासकाच्या १९८४ च्या ग्रंथामुळे तो सर्वत्र पसरला. एखाद्या कामामुळे ज्याचे बरेवाईट होते किंवा जो त्या कामाचे बरेवाईट करू शकतो, तो स्टेकहोल्डर. मराठीत काही जण यासाठी ‘भागधारक’ हा शब्द वापरतात. मला तो पटत नाही, कारण भागधारकाने पैसे देऊन भाग विकत घेतलेला असतो. माझ्या आईने कोणताही भाग विकत घेतलेला नाही, तरी पंप बंद पडला की पहिला त्रास तिला होतो. म्हणून ‘हितसंबंधी’ हा आपला जुना शब्दच मला योग्य वाटतो.

शब्द नवा असला तरी कल्पना नवी नाही. आपल्या भागात चार भावकीत एक विहीर असे आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली असे. पाळी कोणी मोडली तर भांडण विहिरीच्या काठावरच मिटवले जाई. पाणी, कुरणे, मासेमारी अशी सामाईक साधने लोक आपसांत नियम करून शतकानुशतके सांभाळू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरच्या उदाहरणांनी दाखवून दिले. त्याबद्दल २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नियम ज्यांना पाळावयाचे आहेत त्यांचा नियम करण्यात हात असला पाहिजे, ही त्यांनी सांगितलेल्या अटींपैकी एक महत्त्वाची अट. आमच्या विहिरींच्या पाळीत हीच अट पाळली जात होती.

एक नदी, अनेक दावेदार

आता आपल्या नदीकडे वळू. पाणी साठवून ते लोकांना वाटून द्यावे, ही दृष्टी या जिल्ह्याला राजर्षी शाहू महाराजांनी दिली. कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली दत्तक गेलेल्या या राजाने राधानगरीच्या धरणाचा पाया घातला. दूधगंगेवरील काळम्मावाडीच्या धरणालाही ‘राजर्षी शाहू सागर’ असेच नाव आहे. त्याची साठवण सुमारे २५ टीएमसी, म्हणजे २५ अब्ज घनफूट, आहे. हा प्रकल्प महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांचा. धरणातून सोडलेले पाणी नदीतूनच खाली येते आणि ठिकठिकाणच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडते. पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या गाळ्यांत बरगे घालावयाचे आणि पुढचा पावसाळा येण्याआधी काढावयाचे, अशी ही साधी व स्वस्त पद्धत आहे.

या एका प्रवाहावर किती जणांची नजर आहे, याची यादी मी केली. उसाला पाणी उपसणारे शेतकरी व त्यांच्या उपसा सिंचन संस्था हे पहिले. नदीकाठच्या व माळावरच्या ग्रामपंचायतींच्या नळयोजना दुसऱ्या. कागल शहर तिसरे, औद्योगिक वसाहत चौथी. कोल्हापूर शहर पाचवे, कारण काळम्मावाडीतून थेट नळाने २०२३ च्या अखेरीस तेथे पाणी पोहोचले. आणि वेदगंगेला पोटात घेऊन दूधगंगा ज्या कर्नाटकात कृष्णेला मिळते, तेथील गावे सहावी.

उन्हाळ्यात नदी आटू लागली की पाटबंधारे खाते उपसाबंदी जाहीर करते. त्या दिवसांत शेतीचे पंप बंद राहतात, कारण पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला. कागदावर हे सोपे आहे. पण ज्याचा ऊस डोळ्यांदेखत वाळतो आणि घरचा नळही कोरडाच राहतो, त्याने ही बंदी कशाच्या बळावर मानावी? आपल्या त्यागातून वाचलेले पाणी खरोखर घागरीत पडते, हे त्याला दिसले तरच ना! योजनेचा विश्वास असा नदीपासूनच सुरू होतो.

कायद्याने सोपवलेली जबाबदारी

गावाला पिण्याचे पाणी देणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे, हे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यापासून मान्य झालेले आहे. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. १९९३ पासून अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी हा विषय अकराव्या अनुसूचीत घालून पंचायतींकडे सोपवण्याचा मार्ग मोकळा केला. तरीही बराच काळ प्रथा अशी होती की, वरच्या यंत्रणेने योजना आखावी, ठेकेदाराने बांधावी आणि किल्ल्या ग्रामपंचायतीच्या हाती द्याव्यात. लग्न ठरवताना मुलीला न विचारता ‘आता संसार कर’ म्हणण्यासारखेच हे होते.

जुलै २००० मध्ये महाराष्ट्र शासनाने हे धोरण बदलले. योजना गावाने मागावी, खर्चाचा दहावा हिस्सा लोकवर्गणीतून उभा करावा आणि देखभाल गावाच्या समितीने पाहावी, असे ठरले. २००३ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘जलस्वराज्य’ प्रकल्प याच धर्तीवर राबवला गेला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्राने जलजीवन मिशन जाहीर केले. घरोघरी नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे त्याचे उद्दिष्ट. गावाच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि गावानेही पाच ते दहा टक्के वाटा उचलावा, हे तत्त्व त्यातही आहे.

वर्गणीचा हेतू केवळ पैसे जमवणे हा नसतो. ज्याने शंभर रुपये दिले तो हिशेब विचारतो, आणि हिशेब विचारला जाणे हीच नात्याची सुरुवात असते. मात्र समितीची नावे कार्यालयातच भरली गेली आणि वर्गणी ठेकेदारानेच परस्पर भरली, तर सारे कागद पूर्ण होऊनही दोर वळलाच जात नाही.

आमच्या गावातील तीन गाठी

आमच्या गावाचे नाव मी येथे देत नाही. वसाहतीभोवतालच्या अनेक गावांत थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसेल. नदीवर जॅकवेल, तेथून माळावर चढवलेली नळवाट, उंच टाकी, गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह आणि शेवटी घरचा नळ, अशी आमची योजना आहे. या वाटेने मी पायी फिरले आणि भेटेल त्याला विचारत गेले. मला तीन गाठी दिसल्या.

पहिली गाठ वीजबिलाची. पाणी वेळेवर येत नाही म्हणून लोक पाणीपट्टी भरीत नाहीत; पट्टी जमत नाही म्हणून पंपाचे बिल थकते; बिल थकले की जोडणी तुटते आणि पाणी आणखी लांबते. हे दुष्टचक्र प्रत्येकाला माहीत होते, पण प्रत्येक जण चक्राच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवीत होता. लोकांच्या शिव्या मात्र खात होते ते पाणी सोडणारे मामा. ते मला म्हणाले, “बाळ, मी काय मुद्दाम बंद ठेवतोय व्हय? लाईट न्हाई तर पंप कशानं चालवू, तोंडानं?”

दुसरी गाठ भाड्याच्या खोल्यांची. माझ्या अभ्यासात मला सर्वांत नवे वाटले ते हेच. वसाहत वाढली तशी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून कामगार आले व शेजारच्या गावांत राहू लागले. शेतीपेक्षा खोल्या बऱ्या, असे म्हणून अनेकांनी परड्यात खोल्यांची ओळ उठवली. आमच्या गल्लीत एका घरामागे आठ खोल्या आहेत आणि नळ एकच. पट्टी मात्र एका घराची. योजनेची क्षमता जनगणनेवरून धरलेली असते, आणि तिच्या आकड्यांत ही माणसे नव्हती. हिशेब सोपा आहे. हजार माणसांना प्रत्येकी ५५ लिटर म्हणजे ५५ हजार लिटर. तेच पाणी तेराशे माणसांनी वापरले तर वाट्याला ४२ लिटर येतात. तीनशे माणसे वाढल्याचे कागदाला कळले नाही, तरी घागरीला ते पहिल्या दिवशी कळते. भाडेकरूंची नावे गावच्या मतदारयादीत नाहीत, म्हणून ग्रामसभेत त्यांना स्थान नाही. गाव म्हणते, ‘यांनी आमचे पाणी संपवले.’ ते म्हणतात, ‘आम्ही भाडे भरतो, मग पाणी कोठे आहे?’

तिसरी गाठ गावातल्या गावातलीच. टाकीजवळच्या गल्ल्यांत काही घरे नळालाच मोटार लावून पाणी ओढतात. शेवटच्या टोकाला दलित वस्ती आहे. तेथे नळाला नुसती हवा येते. नळवाटेत दाब राहिला नाही की गळक्या सांध्यांतून गटारीचे पाणी आत ओढले जाते. या गाठीची किंमत आमच्या घराने मोजली. एका पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला कावीळ झाली. त्या महिन्यात गल्लीतली आणखीही पोरे आजारी होती. तो बरा झाला. पण पिवळ्या डोळ्यांनी अंथरुणावर पडून ‘पाणी’ मागणारा भाऊ आणि त्याला तेच पाणी द्यावे की देऊ नये या संभ्रमात तांब्या हाती घेऊन उभी असलेली आई, हे दृश्य मी विसरू शकत नाही. तेव्हापासून आमच्याकडे पाणी उकळल्याशिवाय कोणी पीत नाही.

गाठी कशा सुटू लागल्या?

त्या पावसाळ्यानंतरच्या महिला ग्रामसभेत, एरवी सहीपुरत्या येणाऱ्या बायका ठाण मांडून बसल्या. माझी आई व तिच्या बचत गटातल्या बायका पुढे होत्या. त्यांनी नवी टाकी मागितली नाही. त्यांनी तीन कागद मागितले : पंपाचे वीजबिल, पाणीपट्टी भरणाऱ्यांची व थकबाकीदारांची यादी, आणि पाण्यात टीसीएल पावडर टाकल्याची नोंदवही. ज्यांना गाव अजूनही ग्रामसेवक म्हणते, त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी प्रथम टाळाटाळ केली. पण सरपंचांनी कागद मागवले आणि ते मोठ्याने वाचून दाखवले. थकबाकीदारांत मोठी नावे होती. सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही.

त्यानंतर शाळेच्या व्हरांड्यात एक बैठक झाली. तीत ग्रामपंचायतीबरोबर घरमालक, पाणी सोडणारे मामा, विजेचे वायरमन, आरोग्यसेविका, आशाताई, उपसा सिंचन संस्थेचे दोन शेतकरी आणि एका कारखान्याचे अधिकारी होते. सरपंचांनी भाडेकरूंपैकीही एका तरुणाला बोलावले. प्रारंभी त्याच्याकडे कोणी पाहिनाच. अखेर तोच उठून म्हणाला, “पैसा हम भी देंगे साहब, पर हमको पूछो तो.” एका म्हाताऱ्या आजोबांनी त्याला सतरंजीवर आपल्या शेजारी जागा दिली. माझ्या मते आमच्या गावच्या पाण्याची सुधारणा त्या क्षणी सुरू झाली.

ठरले ते अगदी साधे होते. खोल्यांच्या संख्येप्रमाणे घरमालकाने पट्टी भरावी. पाणीपट्टीचे पैसे पाण्याच्याच खात्यात राहावेत आणि त्यातून पहिले वीजबिल भरावे. कोणत्या गल्लीला कधी पाणी, याचा फळा चावडीवर लागावा. टोकाच्या वस्तीचा व्हॉल्व्ह पहिला उघडावा. मोटारी बंद कराव्यात, आणि सरपंचांनी प्रथम आपल्या भावाची मोटार काढावी! रोजच्या पाण्याची ओ.टी. तपासणी बचत गटाच्या बायकांनी करावी. पाण्याच्या नमुन्यात औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. रंग आला नाही तर पाण्यात क्लोरीन नाही असे समजावयाचे. नळाच्या टोकाशीही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे, हे आता माझ्या आईलाही तोंडपाठ आहे.

कारखान्याने टाकीखाली पाणी मोजण्याचे मीटर बसवून दिले. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्च करावे लागतात आणि पिण्याचे पाणी हे त्यात मान्य असलेले काम आहे. यापूर्वी एका दात्याने गावाला पाणी शुद्ध करणारे यंत्र दिले होते. जाळी कोणी बदलावयाची हे न ठरल्यामुळे ते वर्षभरातच बंद पडले व आता त्याच्यावर कोंबड्या बसतात. या वेळी मीटर कोण वाचणार आणि बिघडले तर कोण दुरुस्त करणार, हे आधी लिहून घेतले गेले. दान आणि नाते यांतील फरक तो हाच.

आज आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येते. ते रोज येत नाही, हे मला मान्य केलेच पाहिजे. थकबाकी संपलेली नाही आणि एक-दोन मोटारी रात्री अजून चालतात, अशी कुजबुज आहे. पण नवी टाकी न बांधता एवढा फरक पडला.

अभ्यासातून निघणारे निष्कर्ष

एक : हिशेब उघडा झाला की विश्वास येतो, आणि विश्वास आला की पट्टी जमते. आधी पट्टी आणि मग हिशेब, असा क्रम चालत नाही. कराडशेजारच्या मलकापूरने घरोघरी मीटर बसवून, वापर वाढेल तसा दर वाढवून, चोवीस तास पाणी देऊन दाखवले. आपण किती वापरतो हे तेथे प्रत्येकाला दिसते, हे त्यातील मर्म आहे.

दोन : ज्याला मत नाही त्यालाही तहान असते. औद्योगिक वसाहतीशेजारच्या गावांनी योजना आखताना मतदारांबरोबर राहणारी माणसेही मोजली पाहिजेत.

तीन : शेवटच्या माणसाच्या हातात थोडी तरी सत्ता हवी. टोकाच्या वस्तीने पाण्याची वेळ लिहून ठेवावयाची, बायकांनी पाणी तपासावयाचे, असे झाले तरच समिती जिवंत राहते.

चार : कारखान्यांशी नाते याचकाचे नसावे, शेजाऱ्याचे असावे. ग्रामपंचायतीजवळ स्वतःचा हिशेब असेल तरच ती ताठ मानेने बोलू शकते. वसाहतीच्या सांडपाण्याचा प्रश्नही याच बैठकीत विचारता आला पाहिजे. मीटर दिले म्हणून त्याविषयी गप्प बसणे ही शेजारधर्माची रीत नव्हे.

नात्यांची मर्यादा

नात्यांनी सर्व काही साधते, असा माझा दावा नाही. कागल तालुक्यातील सुळकूड येथून दूधगंगेचे पाणी इचलकरंजीला नेण्याची योजना केंद्राच्या ‘अमृत २.०’मधून मंजूर झाली आणि २०२३ मध्ये तिच्यावरून दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले. इचलकरंजीची गरज खोटी नाही. पंचगंगेच्या दूषित पाण्याने ते शहर वर्षानुवर्षे गांजले आहे, आणि २०१२ साली तेथे आलेल्या काविळीच्या साथीत माणसे दगावली. आपल्या शेतीचे आणि पिण्याचे पाणी कमी होईल ही नदीकाठच्या गावांची भीतीही खोटी नाही. कोण बरोबर हे ठरवण्याचा अधिकार माझ्यासारख्या विद्यार्थिनीला नाही. पण योजना मंजूर होण्यापूर्वी दोन्हीकडची माणसे एका सतरंजीवर बसली असती, धरणात किती, नदीत किती आणि कोणाला किती हे आकडे सर्वांसमोर वाचले गेले असते, तर कदाचित मोर्च्यांऐवजी बैठका झाल्या असत्या. काविळीचे पिवळे डोळे मी घरात पाहिले आहेत. त्यामुळे इचलकरंजीच्या आईची कळकळ मला परकी वाटत नाही, आणि माझ्या आईच्या घागरीची चिंताही सुटत नाही.

एकत्र बसल्याने पाणी वाढत नाही, हे खरे. परंतु जे आहे ते कोणाचे किती, हे मारामारीविना ठरवता येते.

समारोप

प्रकल्पाची वही पूर्ण झाल्यावर मी ती आईला वाचून दाखवली. फ्रीमन आणि ऑस्ट्रॉम यांची नावे ऐकताना तिने जांभई दिली, पण वीजबिलाचा भाग येताच ती सावरून बसली. म्हणाली, “ह्ये सगळं खरं हाय. पर ह्यात एक लिव्ह. फळ्यावर लिवल्याली येळ पाळली, म्हणून मानसं पट्टी भराय लागली.” ती सूचना मी येथे नोंदवीत आहे.

आपल्या महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी आजूबाजूच्या खेड्यांतूनच येतात. माझी त्यांना एकच विनंती आहे. सुटीत घरी गेल्यावर आपल्या गावच्या पाण्याचे तीन कागद मागून पाहा : वीजबिल, पट्टीची यादी आणि टीसीएलची नोंदवही. कागद सहज मिळाले तर गावचा दोर मजबूत आहे असे समजा. मिळाले नाहीत तर आड कितीही भरलेला असला, तरी पोहरा रिकामाच वर येणार. तो दोर वळायला आपणही हात लावावा, एवढेच सांगून हा लेख पुरा करते.